‘खिर्बेत खिझे’ आणि त्यातले आपण

एस. यिझहार यांची ‘खिर्बेत खिझे’ ही दीर्घकथा १९४९ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा युद्धबंदीच्या करारांवरची शाईही पुरती वाळली नव्हती. यिझहार स्मिलान्स्की हे लेखकाचे पूर्ण नाव. जन्म १९१६, रेहोवोतचा. १९४८च्या युद्धात ते गुप्तवार्ता अधिकारी होते, पहिल्या क्नेसेटमध्ये मापाई पक्षाचे सभासद होते आणि १९५९ साली त्यांना इस्रायल पारितोषिक मिळाले. घरच्या माणसाने घरच्यांनाच सांगितलेली ही गोष्ट आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. पुढे ती शाळांच्या अभ्यासक्रमातही आली. त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांना ती माहीत आहे आणि आईवडिलांना नाही.

कथा एका दिवसाची आहे. हिवाळ्यातला स्वच्छ, उन्हाचा दिवस. सैनिकांच्या एका तुकडीला हुकूम मिळतो : गावातली माणसे गोळा करा, ट्रकांत भरा, सीमेपलीकडे नेऊन सोडा, घरे पाडा. गावात लढाई अशी होतच नाही. धडधाकट पुरुष बहुतेक निघून गेलेले, मागे म्हातारे, बायका आणि मुले. एक म्हातारा आपला उंट बरोबर नेऊ द्या म्हणून विनवतो. एक बाई सात वर्षांच्या मुलाचा हात धरून ताठ मानेने ट्रककडे चालत जाते. तिच्या रडणाऱ्या मुलाकडे पाहून सांगणाऱ्या सैनिकाला कळून चुकते की आज इथे काहीतरी पेरले जात आहे. गालूत हा शब्द त्याने शाळेत, सभांतून, पुस्तकांतून शेकडो वेळा ऐकलेला असतो. ती प्रत्यक्षात कशी दिसते हे तो त्या दिवशी प्रथमच पाहतो, आणि ती घडवणाऱ्यांत तो स्वतः असतो.

उलपानच्या हिब्रूवर ही कथा वाचता येत नाही. एकाच वाक्यात तनाखचे हिब्रू आणि सैनिकांची थट्टामस्करी शेजारी शेजारी बसते. शेवटी तर लेखक बेरेशीतकडे जातो. सदोमची हाक खरी आहे की नाही हे पाहायला परमेश्वर खाली उतरतो, ती आठवण त्या रिकाम्या दरीवर येऊन थांबते. पाराशा वायेरा दरवर्षी ऐकणाऱ्या वाचकाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या कथेवर एक आक्षेप जुना आहे. सांगणारा सैनिक मनात तळमळतो, दोनचार शब्द बोलतो, आणि हुकूम पाळतो. गावकरी ट्रकांत चढतातच. आपल्याकडे अशा साहित्याला नावच पडले आहे : योरीम वे-बोखीम, गोळ्याही झाडायच्या आणि रडायचेही. आक्षेपात तथ्य आहे. पण यिझहार त्या सैनिकाला मोठा करून दाखवत नाहीत. त्याची तळमळ कोणाच्याच उपयोगाची नाही, हे कथेतच दिसते.

माझा आक्षेप दुसरा आहे आणि तो आपल्या समाजाशी संबंधित आहे. सैनिक कुरकुर करू लागतो तेव्हा मोइशे हा तुकडीचा प्रमुख त्याची समजूत घालतो. आपले ओलीम इथे येतील, ही जमीन कसतील, इथे सगळे छान होईल, असे तो म्हणतो. गावाचे नाव त्याला नीट आठवतही नाही. त्यावर सैनिक मनातल्या मनात उपहासाने चित्र रंगवतो : घरे होतील, दुकान होईल, शाळा होईल, कदाचित सिनेगॉगही होईल, पक्षांची भांडणे होतील, आणि आधी इथे कोण होते हे कोणी विचारणार नाही.

वाचकहो, ते ओलीम म्हणजे आपण. कथेतल्या त्या गावी आपण गेलो असे नव्हे, ते गाव लेखकाने कल्पिलेले आहे. पण १९४८ ते १९५१ या काळात सुमारे सात लाख ओलीम या देशात आले आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी अरब १९४८च्या युद्धात घरांना मुकले. १९५०च्या कायद्याने ‘गैरहजर’ ठरलेल्यांच्या जमिनी आणि घरे सरकारी ताब्यात गेली. आपली मंडळी पन्नास-साठच्या दशकांत मोठ्या संख्येने आली, ती सोखनूतने पाठवले तिथे गेली : दिमोना, बेएर-शेवा, अश्दोद, लोद, रामले. लोद आणि रामले या गावांतून जुलै १९४८मध्ये हजारो अरबांना बाहेर काढले गेले, हा आता इतिहासाच्या पुस्तकांतला भाग आहे. आपल्याला कोणी काही विचारले नव्हते, आणि काही सांगितलेही नव्हते.

यिझहार यांची कथा इथे तोकडी पडते. ट्रकात चढणारा गावकरी तिच्यात फारसे बोलत नाही आणि त्याच्या जागी येणारा ओले तर मुळीच बोलत नाही. बोलतो तो फक्त इथे जन्मलेला साब्रा, आणि दोघांच्या वतीने तोच दुःख करतो. ओले त्याच्या लेखी आंधळेपणाने येऊन बसणारी गर्दी आहे. त्या गर्दीतल्या माणसाच्या पेटीत काय होते, हे विचारावे असे त्याला वाटत नाही.

पेटीत काय होते? पेणकर, रोहेकर, नवगावकर, दांडेकर अशी आडनावे होती. आपण गाव सोडले तरी गावाचे नाव आपल्या नावाला चिकटून इथवर आले. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांना कोकणातल्या शेजाऱ्यांनी हाकलले नाही. आपण आपल्या इच्छेने निघालो. आजही नवगावच्या जुन्या कबरस्तानात जाऊन आपण उभे राहू शकतो. म्हणून गाव हरवणे म्हणजे काय, हे समजायला आपल्याला उलट हिशेब मांडावा लागत नाही. इराकच्या यहुद्यांचे दुःख वेगळे. १९५० आणि ५१मध्ये लाखाहून अधिक माणसे तिथून आली आणि त्यांची मालमत्ता इराक सरकारने गोठवली. त्यांनी ‘आमचेही गेले’ म्हटले तर ते खरेच आहे. आपल्याला ते उत्तर उपलब्ध नाही, आणि त्यामुळेच ही कथा आपण अधिक शांतपणे वाचू शकतो.

‘खिर्बा’ या शब्दाचा अर्थ पडके गाव, अवशेष. सैनिक पोचण्याआधीच लेखकाने गावाला उद्ध्वस्त म्हणून टाकले आहे. तिथल्या लोकांना आपल्या गावाच्या नावाने आडनाव लावता येईल का, हा प्रश्न आपल्यासारख्यांनाच सुचावा.

येणाऱ्याला बोलू देणारी एक कथा आहे, पण ती पलीकडच्या लेखकाची. घस्सान कनाफानी यांची ‘हैफाला परत’ ही १९६९ची लघुकादंबरी. कनाफानी जन्माने अक्कोचे. पॉप्युलर फ्रंट या सशस्त्र संघटनेचे ते प्रवक्ते होते आणि १९७२ साली बैरूतमध्ये बॉम्बस्फोटात मारले गेले. तो माणूस आपल्या बाजूचा नव्हता, हे विसरून वाचायचे कारण नाही. कादंबरीत एक पॅलेस्टिनी जोडपे १९६७च्या युद्धानंतर हैफातले आपले जुने घर पाहायला येते. तिथे मिर्याम राहते. तिचे वडील आउशवित्झमध्ये गेले आहेत. १९४८च्या पळापळीत मागे राहिलेले या जोडप्याचे तान्हे मूल तिनेच वाढवले आहे आणि तो मुलगा आता इस्रायली सैनिक आहे. कनाफानींनी मिर्यामला वाचा दिली, भूतकाळ दिला, एका मेलेल्या अरब मुलाला पाहून हादरलेले मनही दिले. मात्र शेवटी बाप ठरवतो की याचा निकाल युद्धानेच लागेल, आणि धाकट्या मुलाने फिदायीनांत जावे अशी आशा धरून परततो. इतका वेळ बोलू दिलेल्या मिर्यामला त्या निकालात जागा उरत नाही. यिझहार प्रश्न उघडा ठेवतात, कनाफानी तो बंद करतात. साहित्य म्हणून मला उघडा प्रश्न मोठा वाटतो.

काहीजण विचारतील, ७ ऑक्टोबर २०२३ नंतर हे वाचायची ही वेळ आहे काय? सीमेवरच्या किबुत्झांत घराघरांत शिरून माणसे मारली गेली, ओलीस नेली गेली. गाझात त्यानंतर जे मरण आले तेही आपण पाहिले. आपली नातवंडे मिलुईमला गेली. १९७८मध्ये राम लेवी यांनी या कथेवर टीव्हीपट केला, तेव्हाही शिक्षणमंत्री झेवुलुन हामेर यांना ती वेळ योग्य वाटली नव्हती. त्यांनी प्रक्षेपण थांबवले, कर्मचाऱ्यांनी निषेध म्हणून त्या वेळात पडदा काळा ठेवला, आणि चित्रपट अखेर दाखवला गेला. देश त्याने बुडाला नाही. ही कथा शत्रूला निर्दोष ठरवत नाही, आणि या देशावरचा आपला हक्क काढूनही घेत नाही. जमिनीच्या वादात दोन बाजू असतात हे सगळेच म्हणतात. ज्याला ती जमीन तिसऱ्याने वाटून दिली त्याची बाजू कोणी लिहीत नाही, एवढेच ती आपल्याला दाखवते.

ती बाजू साब्रा लिहिणार नाही आणि कनाफानीही लिहिणार नव्हते. लोदच्या किंवा दिमोनाच्या शिकूनमध्ये पहिल्या रात्री कंदील लावणाऱ्या, मराठीत एलियाहू हन्नाबीचे गीत म्हणणाऱ्या बाईला त्या अंगणात आधी कोण होते हे कधी कळले, कळल्यावर तिने काय केले, हे आपल्या भाषेत आपल्यालाच लिहावे लागेल. तोवर ‘खिर्बेत खिझे’ वाचा. हिब्रू जड जात असेल तर नातवंडांना शेजारी बसवून वाचा. मोइशेचे ते वाक्य आले की थांबा, आणि तुमच्याकडे त्याला काय उत्तर आहे ते त्यांना सांगा.