विणल्यावाचून वस्त्र : एका संज्ञेची व एका दाव्याची चिकित्सा

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील मोटार-उद्योगाविषयी अलीकडे जे लेखन वाचावयास मिळते, त्यात 'नैसर्गिक तंतूंचे नॉनवोव्हन' हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. दाराचे आतील तक्ते, छताचे अस्तर, आवाज शोषणारे थर यांसाठी अंबाडी, ताग, घायपात यांचे तंतू उपयुक्त आहेत, हे निर्विवाद होय. त्यांची घनता सुमारे 1.5, तर काचतंतूची सुमारे 2.5, तेव्हा वजनातील बचत खरीच. मर्सिडीज-बेंझने 1990 नंतरच्या दशकात जवस व घायपात यांच्या तंतूंचे दारतक्ते वापरले, हेही सर्वश्रुत आहे.

आक्षेप आहे तो पुढील विधानांस. 'नॉनवोव्हन' ही संज्ञा वस्तू काय नाही एवढेच सांगते, आणि त्या पोकळीत वाटेल ते भरले जाते. आपल्याकडे बुरणूस व नमदा होतेच, ही चटई त्यांचीच आधुनिक आवृत्ती, असे लिहिणारे एक मूलभूत भेद विसरतात. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल, उष्णता व घर्षण मिळताच ते परस्परांत अडकतात. अंबाडीस खवले नाहीत. तिचा थर टिकवावयाचा तर काटेरी सुयांनी तंतू खालीवर गुंतवावे लागतात, किंवा बंधकद्रव्य घालावे लागते. मोटारीच्या तक्त्यात हे बंधक बहुधा पॉलिप्रोपिलीन असते, पुष्कळदा वजनाच्या जवळजवळ निम्मे. अशा तक्त्यास 'मातीत विरणारा' म्हणणे हे शब्दशः अर्धसत्य होय.

शिवाय हा संसार विजोड आहे. तंतू पाण्याचा लोभी, पॉलिप्रोपिलीन पाण्यास विन्मुख. मॅलेइक अनहायड्राइडयुक्त मध्यस्थ नसल्यास दोहोंचे बंधन दुर्बळच राहते. पॉलिप्रोपिलीन सुमारे 165 अंश सेल्सिअसला वितळते, आणि 200 अंशांच्या पुढे तंतू करपू लागतो. साच्यातील दाबकामास मोकळीक उरते ती एवढीच.

सर्वांत मोठी उणीव ओलाव्याची. भारतीय मानकांनुसार कापडाची चाचणी 27 अंश तापमान व 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेत होते. त्या हवेतदेखील ताग आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 13 टक्के पाणी धरून ठेवतो. प्रबंधात ताणबलाचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत द्यावेत आणि बंधकाचे प्रमाण व आर्द्रता मात्र गाळावी, ही पद्धत आमच्या मते त्याज्य आहे. चाकणचा श्रावण 65 टक्क्यांवर थांबत नाही.