वकील, दिवाण आणि चरित्रकार

लोकांचा प्रतिनिधि म्हणून कायदेमंडळांत बसलेला गृहस्थ पुढें एखाद्या संस्थानाचा किंवा पेढीचा कैवार घेऊन सत्ताधाऱ्यांकडे रदबदली करूं लागला, म्हणजे त्याच्या शब्दावर भरंवसा कितपत ठेवावा? अशा मनुष्यास हल्लीं ‘लॉबिइस्ट’ म्हणतात. नांव नवें, धंदा जुना. कोल्हापुरापुरतें बोलावयाचें तर कै. अण्णासाहेब लठ्ठे यांचें आयुष्य या प्रश्नाच्या बरेंच जवळ येतें, आणि त्यांनीं इंग्रजींत दोन भागांत लिहिलेलें शाहू छत्रपतींचें चरित्र वाचतांना तो प्रश्न टाळतां येत नाहीं.

सालें पाहावीं. १९२१ पासून लठ्ठे मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. १९२४ सालीं हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२६ सालीं ते कोल्हापूरचे दिवाण झाले. इंग्रज सरकारापुढें संस्थानाची बाजू मांडणें हें दिवाणाचें कामच. तेव्हां ग्रंथ म्हणजे दिवाणगिरीचा अर्ज होय, असें संशयी वाचक म्हणेल. शाहू महाराज १९२२ सालींच निवर्तले होते हें उत्तर पुरेसें नाहीं, कारण गादीवर त्यांचेच चिरंजीव होते.

परंतु आणखी एक साल आहे. १९१४ च्या डांबर प्रकरणांत याच कोल्हापुरांत लठ्ठे यांच्यावर किटाळ आलें. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास भाऊराव पाटील, म्हणजे पुढील कर्मवीर, यांनीं नकार दिला आणि त्यापायीं छळ सोसला. ज्या दरबारानें असे दिवस दाखविले, त्याच दरबाराच्या धन्याचा मोठेपणा लठ्ठे दहा वर्षांनीं लिहून काढतात. केवळ लोभानें असें लेखन होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखणाऱ्या १९०२ च्या जाहीरनाम्यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती.

तथापि श्रद्धा म्हणजे निःपक्षपात नव्हे. वेदोक्ताच्या वादांत लठ्ठे वकिली पेशाला जागतात. आपला पक्ष ते नेटानें मांडतात, पण प्रतिपक्षाच्या मनांत शिरण्याची त्यांस गरज वाटत नाहीं. चरित्राचा हा दोष लहान नाहीं. मात्र ही वकिली उघड आहे. मुखपृष्ठावर वकिलाचें नांव आहे, आणि पुढें कोणतें पद मिळालें हेंही सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकेंत १९९५ च्या कायद्यानें अशा मध्यस्थांस आपलें नांव व आपलें अशील नोंदवावें लागतें. आपल्याकडे तसा कायदा नाहीं. माजी आमदार कोणाचा निरोप घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढतो, हें मतदारास कळण्याचा मार्ग नाहीं. लठ्ठे मात्र १९३७ सालीं मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले, तेव्हां त्यांची मागील कारकीर्द कोणापासून लपलेली नव्हती.

हा ग्रंथ वाचकांनीं अवश्य वाचावा. वाचण्यापूर्वीं पहिल्या पानावर १९१४ आणि १९२६ हीं दोन्ही सालें पेन्सिलीनें टिपून ठेवावीं. एकच टिपल्यास लेखकावर अन्याय होईल, किंवा सत्यावर.