कीटन, बस्टर

(४ ऑक्टोबर १८९५ – १ फेब्रुवारी १९६६). विख्यात अमेरिकन विनोदी चित्रपट-अभिनेता, दिग्दर्शक व विनोदरचनाकार. मूळ नाव जोसेफ फ्रँक कीटन. जन्म कॅनझस राज्यातील पिक्वा या लहानशा गावी. वडील जो व आई मायरा हे दोघेही फिरत्या रंगमंचावरील कलावंत असून व्होडव्हिल (गाणी, नकला, कसरती इत्यादींचा मिश्र करमणुकीचा कार्यक्रम) हाच त्यांचा चरितार्थ होता. ‘बस्टर’ हे टोपणनाव त्याला लहानपणी तो जिन्यावरून गडगडत पडूनही सुखरूप राहिल्यामुळे मिळाले, अशी कुटुंबात आख्यायिका होती. बालवयातच तो आईवडिलांबरोबर ‘थ्री कीटन्स’ या नावाने रंगमंचावर उतरला. वडील त्याला उचलून फेकीत, आपटीत आणि प्रेक्षक खदखदून हसत. या खेळामुळे बालसंरक्षक संस्थांचा रोषही कुटुंबाला पत्करावा लागला. पडावे कसे आणि पडल्यावर हसू नये का, हे दोन्ही धडे कीटनला येथेच मिळाले. मार खाणारा पोरगा स्वतः हसला, तर प्रेक्षकांचे हसू ओसरते, हे त्याने अनुभवाने जाणले होते. ज्या निर्विकार मुद्रेमुळे पुढे त्याला ‘पाषाणमुखी’ म्हणण्यात आले, तिचे मूळ अशा प्रकारे रंगमंचीय व्यवहारात आहे.

१९१७ साली न्यूयॉर्कमध्ये रॉस्को आरबकल या लोकप्रिय विनोदी नटाशी त्याची ओळख झाली व ‘द बुचर बॉय’ (१९१७) या लघुपटात तो प्रथम पडद्यावर आला. कॅमेऱ्याची यांत्रिक रचना समजून घेण्याची ओढ त्याला आरंभापासूनच होती. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्याबरोबर फ्रान्समध्ये काही काळ सेवा केली. तेथून परतल्यावर निर्माता जोसेफ शेंक याच्या पाठबळाने त्याला स्वतंत्र चित्रनिर्मितिगृह लाभले. ‘वन वीक’ (१९२०), ‘द प्लेहाऊस’ (१९२१), ‘द बोट’ (१९२१), ‘कॉप्स’ (१९२२) इ. लघुपट आणि त्यानंतर १९२३ ते १९२८ या काळातील दहा दीर्घ मूकपट हे त्याचे खरे कर्तृत्व होय. त्यांत ‘अवर हॉस्पिटॅलिटी’ (१९२३), ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४), ‘द नॅव्हिगेटर’ (१९२४), ‘सेव्हन चान्सेस’ (१९२५), ‘द जनरल’ (१९२६) व ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ (१९२८) हे विशेष उल्लेखनीय आहेत. दिग्दर्शक म्हणून काही चित्रपटांवर इतरांची नावे असली, तरी त्यांमागील कल्पकता मुख्यतः त्याचीच होती.

कीटनच्या मुद्रेला भावशून्य म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो यथार्थ नाही. त्याचा चेहरा हसत नाही एवढेच. मात्र त्याचे टपोरे डोळे सतत निरीक्षण करीत असतात. समोर उभे ठाकलेले संकट काय आहे आणि त्यातून वाट कशी काढावी, याचा तो विचार करताना दिसतो. चार्ली चॅप्लिनचा भटक्या प्रेक्षकांच्या करुणेला आवाहन करतो. हॅरल्ड लॉइडचा नायक यशासाठी धडपडतो. कीटनचा नायक मात्र कोणाकडे काही मागत नाही. जहाज, आगगाडी, वादळ, गडगडत येणारे धोंडे अशा अवाढव्य व अचेतन शक्तींशी त्याचा सामना असतो. तो त्यांच्याविषयी तक्रार न करता त्यांचे नियम शिकून घेतो. त्याच्या विनोदाला लाभलेले गांभीर्य या वृत्तीतून आलेले आहे.

या वृत्तीला अनुरूप असे चित्रणतंत्रही त्याने घडविले. शारीरिक करामत दाखविताना दृश्याचे तुकडे करावयाचे नाहीत, कॅमेरा दूर ठेवून नट व परिसर एकाच चौकटीत दाखवावयाचे, असा त्याचा कटाक्ष असे. ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मध्ये वादळात एका घराची संपूर्ण दर्शनी भिंत नायकाच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्यावरील उघड्या खिडकीच्या जागेतून तो नेमका बचावतो. भिंत खरी व वजनदार होती आणि उभे राहण्याच्या जागेत थोडाही फरक पडता, तर मृत्यू अटळ होता. हे दृश्य तुकड्यातुकड्यांनी जोडले असते, तर प्रेक्षक युक्तीचे कौतुक करून थांबला असता. अखंड चित्रणामुळे तो घटनेचा साक्षीदार होतो. ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये त्याने याच्या उलट बाजूचा शोध घेतला आहे. झोपी गेलेला चित्रप्रक्षेपक स्वप्नात पडद्यात शिरतो. पण भोवतालची दृश्ये क्षणाक्षणाला बदलत राहिल्याने बसावयास जातो तो रस्त्यावर आपटतो. चित्रपटाच्या संकलनालाच विनोदाचा विषय करणारे हे दृश्य या माध्यमावरील मार्मिक भाष्य ठरले आहे. याच चित्रपटात पाण्याच्या टाकीखालील एका दृश्यात त्याच्या मानेच्या मणक्याला इजा झाली होती, हे अनेक वर्षांनंतर वैद्यकीय तपासणीत उघडकीस आले.

‘द जनरल’ ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती मानली जाते. अमेरिकन यादवी युद्धात १८६२ साली उत्तरेकडील हेरांनी जॉर्जिया राज्यात एक आगगाडी पळविली होती. या सत्य घटनेवर ती आधारलेली आहे. चित्रपटाची रचना अत्यंत बांधेसूद आहे. पूर्वार्धात नायक आपल्या चोरीस गेलेल्या एंजिनाचा पाठलाग करतो, उत्तरार्धात तेच एंजिन घेऊन परत पळतो व आधीचे प्रसंग उलट क्रमाने नव्या अर्थाने घडतात. सैन्यात घेतले न गेल्याने खिन्न झालेला नायक एंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. एंजिन सुरू होते, दांड्याबरोबर तो वरखाली होत राहतो आणि तरीही आपल्याच विचारात गढलेला असतो. या एका दृश्यात दुःख व विनोद अभिन्न झाले आहेत. तथापि या कृतीची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. मूळ घटनेतील नायक उत्तरेचे असताना कीटनने सहानुभूती दक्षिणेकडे वळविली आणि ज्या गुलामगिरीच्या प्रश्नावर ते युद्ध पेटले, तिचा चित्रपटात मागमूसही ठेवला नाही. ‘सेव्हन चान्सेस’ व ‘कॉलेज’ (१९२७) यांतील कृष्णवर्णीयांविषयीचे विनोदही आजच्या वाचकाला खटकतात. यंत्र व निसर्ग यांचे नियम अचूक हेरणारी त्याची दृष्टी समाजव्यवस्थेच्या बाबतीत मात्र आपल्या काळाच्या पलीकडे गेली नाही.

खर्चिक असलेल्या ‘द जनरल’ला प्रदर्शनाच्या वेळी अपेक्षित यश लाभले नाही. १९२८ मध्ये शेंकच्या सल्ल्याने कीटनने स्वतंत्र निर्मिती सोडून मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य संस्थेशी करार केला. पुढे आत्मचरित्रात त्याने ही आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक मानली. ‘द कॅमेरामन’ (१९२८) हा तेथील पहिला चित्रपट दर्जेदार निघाला. त्यानंतर मात्र उतार सुरू झाला. बोलपटाने कीटनचा घात केला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. त्याचा आवाज चित्रपटास अयोग्य नव्हता आणि रंगमंचाचा अनुभव तर बालपणापासूनचा होता. कथेचा आरंभ व शेवट निश्चित करावयाचा आणि मधला भाग सहकाऱ्यांसह चित्रीकरणाच्या ठिकाणी फुलवावयाचा, ही त्याची कार्यपद्धती होती. आधी लिहून मंजूर झालेल्या पटकथेचा आग्रह धरणाऱ्या संस्थेत तिला थारा मिळाला नाही. विशेष म्हणजे ‘फ्री अँड ईझी’ (१९३०) यासारख्या बोलपटांना प्रेक्षक लाभले. त्यांमुळे पद्धत बदलण्याचे कारण संस्थेला दिसले नाही. त्याच सुमारास मद्यासक्ती वाढली. १९२१ मध्ये नॅटली टॅलमेज हिच्याशी झालेला विवाह १९३२ मध्ये घटस्फोटात संपला आणि १९३३ मध्ये संस्थेने त्याला काढून टाकले.

पुढील काळात कमी खर्चाचे लघुपट आणि इतर नटांसाठी विनोदी प्रसंग रचण्याचे काम यांवर त्याने गुजराण केली. १९४० मध्ये एलेनर नॉरिस या नर्तिकेशी झालेल्या विवाहामुळे त्याचे आयुष्य सावरले. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजी याने मूक विनोदपटांवरील आपल्या प्रसिद्ध लेखात त्याचा गौरव केला व रसिकांचे लक्ष पुन्हा त्याच्याकडे वळले. ‘लाइमलाइट’ (१९५२) मध्ये तो चॅप्लिनबरोबर एका प्रसंगात चमकला. दुर्मिळ प्रती मिळवून त्याचे मूकपट पुन्हा दाखविले जाऊ लागले. १९६० मध्ये त्याला विशेष ऑस्कर पुरस्कार मिळाला. सॅम्युएल बेकेट याने लिहिलेल्या ‘फिल्म’ (१९६५) या लघुपटात बहुतेक वेळ त्याची पाठच दिसते व चेहरा अखेरीस उघड होतो; तरीही केवळ चालण्यावरून तो ओळखू येतो. १९६५ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी त्याचे उत्स्फूर्त स्वागत केले. त्यानंतर काही महिन्यांतच कॅलिफोर्नियातील वुडलंड हिल्स येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने तो निधन पावला.

१९७२ व १९८२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात ‘द जनरल’ची गणना जगातील दहा श्रेष्ठ चित्रपटांत झाली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतील पहिल्या पंचवीस चित्रपटांत त्याचा समावेश करण्यात आला. प्रथम उपेक्षिल्या गेलेल्या कृतीला मिळालेली ही मान्यता उचितच होय. परंतु ती कीटनला गमवावी लागलेली निर्मितीची वर्षे भरून काढू शकत नाही. अवघ्या आठ-नऊ वर्षांच्या स्वातंत्र्यात त्याने जे घडविले, त्यावरच त्याची कीर्ती उभी आहे. चित्रपट ही सामूहिक व भांडवलप्रधान कला असली, तरी तीत कलावंताच्या स्वायत्ततेचे मोल किती असते, हे त्याच्या कारकीर्दीवरून स्पष्ट होते.