भाषा सुरक्षित, शब्द बेपत्ता : शाश्वततेच्या संशोधनाची राजूरहून चिकित्सा

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ ध्येये स्वीकारली. त्यांत शिक्षणाला स्वतंत्र ध्येय आहे, भाषेला नाही. ही उणीव भरून काढणारा एक संशोधनप्रवाह मात्र त्याआधीपासूनच वाहतो आहे. निसर्गातील विविधता आणि भाषांतील विविधता एकमेकींना धरून असतात, एक ढासळली की दुसरीला धक्का पोचतो, असे त्याचे सांगणे. आपल्याकडील चर्चासत्रांतही ही मांडणी आता रुळली आहे. ती अकोले तालुक्यातील राजूर परिसराला कितपत लागू पडते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रवाहातील दोन अभ्यासांचा उल्लेख आवश्यक आहे. गोरेनफ्लो, रोमेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की, जगातील सुमारे ६,९०० भाषांपैकी ४,८०० हून अधिक भाषा जैवविविधतेने समृद्ध अशा प्रदेशांत बोलल्या जातात. आपला सह्याद्रीही पश्चिम घाटाच्या रूपाने अशा प्रदेशांत मोडतो. पुढे २०२१ मध्ये कामारा-लेरेत आणि बास्कोम्प्ते यांनी उत्तर अमेरिका, वायव्य अ‍ॅमेझॉन आणि न्यू गिनी येथील २३६ भाषांमधले वनौषधींचे ज्ञान तपासले. वनस्पतींच्या १२,४९५ औषधी उपयोगांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक उपयोग केवळ एकेका भाषेपुरतेच माहीत असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे ती भाषा गेली की ते ज्ञानही गेले.

दोन्ही अभ्यास मोलाचे आहेत. पण दोघांचेही मोजमापाचे एकक ‘भाषा’ हे आहे. राजूरला नेमके तिथेच अडते.

राजूर हे भंडारदऱ्याच्या वाटेवरचे बाजाराचे गाव. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे. तालुक्याची जवळपास निम्मी लोकसंख्या अनुसूचित जमातींची, प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. त्यांची बोली जगाच्या यादीत ‘मरू घातलेली भाषा’ म्हणून येत नाही, कारण ती मराठीतच धरली जाते. ग्रियर्सनने विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीचा खंड सिद्ध केला, तेव्हा ठाकरीसारख्या बोलींची त्यात वेगळी नोंद घेतली होती. २०११ च्या जनगणनेत मात्र लोकांनी सांगितलेल्या १९,५६९ मातृभाषांच्या नावांची छाननी होऊन शेवटी १२१ भाषा उरल्या. मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक. एवढी मोठी भाषा धोक्यात आहे असे कोण म्हणेल? भाषा सुरक्षित राहते आणि तिच्या पोटातले शब्द एकेक करून निघून जातात. हा ऱ्हास जागतिक आकडेवारीत दिसत नाही, आणि ती आकडेवारी उतरवून घेणाऱ्या आपल्या शोधनिबंधांतही दिसत नाही.

शब्द गेल्याने नेमके काय जाते? भाताचे उदाहरण पाहू. या तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडे उतरत जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. अशा ठिकाणी एकच वाण सगळीकडे चालत नाही. म्हणून भाताची वर्गवारी हळवे, निमगरवे, गरवे अशी केली जाते. हळवे लवकर पिकते, ते उताराच्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत. गरव्याला दिवस जास्त लागतात, ते सखल खाचरात. या तीन शब्दांत जमिनीचा उतार, पाण्याचा मुक्काम आणि पिकाचे दिवस यांचा हिशेब एकत्र आला आहे. कृषिशास्त्राने हे शब्द स्वीकारले, म्हणून ते टिकले. संस्थेने आधार दिला तर लोकांचा शब्द शास्त्राचाही शब्द होऊ शकतो, याचा हा पुरावा आहे.

उलट उदाहरणही आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा नागली, वरई, सावा, राळा ही सारी धान्ये ‘भरडधान्य’ किंवा ‘श्री अन्न’ या एका नावाखाली आली. प्रचारासाठी ते सोयीचे होते. पण प्रत्येक धान्याची जमीन वेगळी, पेरणीची रीत वेगळी, टिकण्याची मुदत वेगळी. गौरवाच्या नावाने सपाटीकरणही होऊ शकते, ही गोष्ट अभ्यासकांनी तरी नजरेआड करू नये.

शिक्षणाचा प्रश्न इथे येऊन मिळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे. राजूर परिसरात कागदोपत्री हे आधीच साधलेले आहे, कारण घरची भाषा मराठी आणि शाळेचीही मराठी. त्यामुळे घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतल्या अंतराचा प्रश्न धोरणाच्या चौकटीत उभाच राहत नाही.

त्यात आश्रमशाळेची रचना लक्षात घ्यावी. दुर्गम वाड्यांवरच्या मुलांना शिक्षण मिळाले ते या शाळांमुळे, हे निर्विवाद आहे. पण शाळा जूनमध्ये उघडते आणि त्याच सुमारास भाताची रोपे तयार करण्याचे काम सुरू होते. आवणी जुलैत. निवासी मूल ऐन त्या दिवसांत घरापासून दूर असते. दिवाळीच्या सुट्टीत ते परतते तेव्हा कापणी चालू असते किंवा आटोपलेली असते. बियाण्यासाठी कोणत्या लोंब्या बाजूला काढायच्या, हे ज्ञान उभ्या पिकात, हाताने काम करताना मिळते. तो वर्ग मुलाचा दरवर्षी बुडतो आणि त्याची गैरहजेरी कुठल्याही हजेरीपटावर लागत नाही.

याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचा दाखला शाश्वततेवरच्या लेखनात हमखास येतो. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान वाण जपले, ‘बायफ’ संस्थेच्या साह्याने बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण बहुतेक लेखनात त्या प्रेरणास्थान म्हणून येतात, ज्ञानाचा आधार म्हणून नव्हे. त्या वाणांची वर्गवारी कशी करतात, ती कोणत्या शब्दांत करतात, हे विचारण्याऐवजी आपण त्यांचा सत्कार करून मोकळे होतो.

नोंदीची साधने नाहीत असेही नाही. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याखालील लोकजैवविविधता नोंदवहीत स्थानिक नावाला रकाना आहे. या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे परिश्रम होते. परंतु राष्ट्रीय हरित अधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर देशभर नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. गावाने स्वतःशी बोलत लिहायचे दप्तर अनेक ठिकाणी पूर्ततेचा कागद होऊन बसले.

इथे एक सावधगिरी हवी. बोली टिकली की जंगल आपोआप टिकते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. भाषा आणि निसर्ग एकाच प्रदेशात समृद्ध असणे हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. बाजारभाव, पाणी, जमिनीची मालकी, स्थलांतर यांचा जोर शब्दांपेक्षा मोठा असतो. शिवाय आदिवासी मुलाने प्रमाण मराठी आणि इंग्रजी उत्तम शिकावी, हा त्याचा हक्क आहे. बोलीच्या प्रेमापोटी त्याला मागे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण प्रमाण भाषा शिकण्यासाठी घरचे शब्द विसरलेच पाहिजेत, अशी अट तरी कोणी घातली आहे?

म्हणून या विषयावरील संशोधनाकडून तीन साध्या अपेक्षा आहेत. पहिली, ‘भाषा’ या एककाखाली उतरून बोलीतील शेती, पाणी आणि जंगल यांची शब्दसंपदा मोजावी. आजीला, आईला आणि नातीला किती नावे ठाऊक आहेत, एवढी तुलनासुद्धा पुष्कळ सांगून जाईल. दुसरी, आश्रमशाळेच्या आवारात छोटे खाचर असावे आणि आवणीच्या आठवड्यात गावातल्या जाणत्या बायांना तिथे मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. तिसरी, निष्कर्ष राजूरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते समजले नाही, किंवा समजून पटले नाही, तर दोष त्यांच्या शिक्षणाचा नसून आपल्या संशोधनाचा मानावा.

‘शाश्वत’ म्हणजे कायमचे. ज्यांनी बी धरले, पावसाळ्याची बेगमी केली, पुरवून खाल्ले, त्यांनी कायमचे असे काही गृहीत धरले नव्हते. पुढच्या पेरणीपुरती तजवीज केली होती. ही रीत ज्या शब्दांत सांगितली जाते, ते शब्द ऐकून लिहून घेणे हे या संशोधनाचे पहिले काम आहे.