बिंदूंचें चित्र आणि रंगांचा शेजार

निळ्यांत पिवळा मिसळला कीं हिरवा होतो, एवढ्या भांडवलावर चित्राची पारख करूं पाहणारानें झॉर्झ स्यरा ह्या फ्रेंच चित्रकाराचें ‘ग्रांद जात बेटावरील रविवार’ हें चित्र अवश्य अभ्यासावें. सुमारें ७ फूट उंच व १० फूट रुंद असें हें चित्र १८८६ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. आज तें शिकागोच्या कलासंग्रहालयांत आहे.

चित्रभर बारीक ठिपके आहेत. शुद्ध रंगांचे ठिपके दुरून डोळ्यांत मिसळतात व कालवलेल्या रंगाहून तेजस्वी दिसतात, असें ह्या पद्धतीचे भक्त सांगत आले. आम्हांस हें पुरतें पटत नाहीं. रंग कालवले असतां प्रत्येक रंग प्रकाशाचा आपापला वांटा गिळतो; निळा आणि पिवळा गिळून जें उरतें तें हिरवें. ठिपके शेजारीं ठेवले असतां डोळा नुसती सरासरी काढतो. उजेड फारसा घटत नाहीं हें खरें. परंतु निळ्यापिवळ्याची ती सरासरी हिरवी न होतां राखी होते. रूड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ च्या ग्रंथांत हा भेद स्पष्ट केला होता, आणि स्यरास तो ग्रंथ परिचित होता.

मग हें चित्र मनांत ठसतें कशानें? ह्याचें उत्तर पॅरिसच्या गोब्लें विणकरशाळेंत सांपडतें. १८२४ पासून तेथील रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्रल ह्या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. लोकर तपासली तों रंगांत खोट नाहीं. शेजारच्या निळ्याजांभळ्या धाग्यांनीं काळ्याचा जोर मारला होता. त्यावर त्यानें १८३९ सालीं मोठा ग्रंथच लिहिला. स्यराचें खरें सामर्थ्य ह्याच नियमांत आहे, ठिपक्यांत नव्हे. त्याची छाया निळसर, म्हणून लगतचें ऊन अधिक तापलेलें वाटतें. पुढें १८८८-८९ मध्यें चित्राभोंवतीं रंगविलेल्या पट्टीचा रंगही लगतच्या भागाच्या विरोधानें बदलत जातो.

दुर्दैव असें, कीं उन्हासाठीं वापरलेला जस्ताचा पिवळा रंग टिकला नाहीं. १८९२ मध्येंच फेनेओं ह्या टीकाकारानें चित्राची कांति गेल्याची खंत केली होती. हिरवळीवरचे उन्हाचे ठिपके आज तपकिरी आहेत. निळा बव्हंशीं जसाच्या तसा राहिला. पण त्याचा शेजारी गेल्यामुळें तोही आतां पूर्वीइतका निळा दिसत नाहीं.