खोट्यावर शिक्का कोणी मारायचा?

समाजमाध्यमांवर राजकीय खोटं फार पसरतं आणि त्याला आवर घातला पाहिजे, याबद्दल इथे कुणाचं दुमत असेल असं आम्हाला वाटत नाही. तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. आज बघायचंय ते औषध.

६ एप्रिल २०२३ ला केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान नियमांत एक दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलची एखादी माहिती सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटनं ‘बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी’ ठरवली, की ती आपल्याकडे राहू नये यासाठी फेसबुक, यूट्यूबसारख्या कंपन्यांनी वाजवी प्रयत्न करायचे. नाही केले तर कलम ७९ चं संरक्षण धोक्यात. हे संरक्षण म्हणजे काय, तर लोकांनी जे लिहिलं त्याबद्दल कंपनीला जबाबदार धरलं जात नाही. ते गेलं तर धंदाच अवघड.

आता नियमातले शब्द नीट वाचा. ‘केंद्र सरकारचा कारभार’. एका उमेदवारानं दुसऱ्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं, विरोधकाचा पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ कालचा म्हणून फिरवला, एखाद्या जमातीबद्दल अफवा उठवली, यातलं काहीही या युनिटच्या कक्षेत आपणहून येत नाही. मतदार फसतो तो बहुतेक इथेच. म्हणजे पाऊस मतदारावर आणि छत्री सरकारच्या डोक्यावर!

दुसरा शब्द, ‘दिशाभूल करणारी’. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. समजा लासलगावच्या एखाद्या शेतकऱ्यानं लिहिलं, की शहरातल्या गिऱ्हाईकाला खूश करायला सरकारनं आमचा भाव पाडला. हे खरं की खोटं? बंदी आली हे खरं. ती कशासाठी आली आणि कोण बुडालं, हा तर वाद आहे. यालाच राजकारण म्हणतात. सरकारी युनिटला मात्र ते ‘दिशाभूल’ म्हणून मोडीत काढायला कितीसा वेळ लागणार? आणि दाद कुठे मागायची, तर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्याच दारात.

याविरुद्ध कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड वगैरे मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्या. गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्या. नीला गोखले यांनी वैध. मार्चमध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, सरकारनं युनिट अधिसूचित केलं आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही बरं का. मजकूर काढलाच पाहिजे असं नाही, इशारा जोडून ठेवता येईल, असं सांगितलं गेलं. पण कंपनीच्या जागी बसून बघा. एका पोस्टीसाठी कोर्टाची जोखीम कोण घेईल? सरळ डिलीट!

निकाल लागल्यावर बरेच जण पेढे वाटून मोकळे झाले. आम्हाला तो आनंद अर्धाच वाटतो, कारण मैदान उरलं कंपन्यांच्या हाती. मेटानं बाहेरच्या संस्थांकडून तथ्यतपासणी करून घेतली खरी, पण राजकीय नेत्यांची थेट विधानं त्यातून वगळली. गल्लीतल्या पोराच्या पोस्टीवर शिक्का बसणार, साहेबांच्या भाषणावर नाही! जानेवारी २०२५ मध्ये तर अमेरिकेपुरती ती व्यवस्थाच बंद करून त्यांनी एक्सच्या ‘कम्युनिटी नोट्स’सारखी पद्धत आणण्याचं जाहीर केलं. तिथे टीप सगळ्यांना दिसते ती एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या वाचकांनी तिला उपयुक्त म्हटलं तरच. कल्पना चांगली आहे. पण जिथे भांडण सगळ्यात कडवं, तिथेच असं एकमत दुर्मिळ, आणि बऱ्याच टिपा शेवटपर्यंत पडद्याआडच राहतात.

मग करायचं काय? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. ती अफवा राजकीय नव्हती, पण वाट तीच, व्हॉट्सॲपची. देशभर असे बळी जात होते. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. २०२० मध्ये खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि तसे मेसेज सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनंच सांगितलं. यात खरं-खोटं कुणी ठरवलं नाही. फक्त वेग कमी केला. मंत्र्याचा मेसेज असो की शेजारच्या काकांचा, नियम एकच. आम्हाला हा रस्ता जास्त प्रामाणिक वाटतो.

आणि जिथे मजकूर काढायचाच आहे, तिथे कारण उघड सांगा. आज कलम ६९अ खाली सरकार मजकूर अडवतं, त्याच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. पोस्ट गेली हे दिसतं. का गेली, कुणाच्या सांगण्यावरून गेली, ते लिहिणाऱ्यालाही बहुधा कळत नाही. फॅक्ट चेक युनिट रद्द झालं. सोळावा नियम अजून तिथेच आहे.