काठीशिवायचा पट

शंकरपटात नेमकं कुठे उभं राहायचं, यावर बाळापूरच्या पटशौकिनांत जुने मतभेद आहेत. बहुतेकांना शेवटची रेषा हवी असते, कारण निकाल तिथे लागतो. पण तिथून वेग दिसत नाही. समोरून येणारी जोडी फक्त मोठी मोठी होत जाते, आणि अंगावर येतेय असं वाटेपर्यंत निघूनही गेलेली असते. काही हौशी लोक सुटण्याच्या जागी गर्दी करतात. तिथे मजा असते ती गोंधळाची. चार माणसं वेसणीला लोंबकळतायत, बैल मागे सरकतायत, धुरकऱ्याचा एक पाय छकड्यावर आणि एक अजून मातीत, आणि कुणीतरी उगाच ओरडतंय, "सोड ना बे, सोड!" मी मात्र पोरवयापासून पटाच्या मध्यावर उभा राहत आलोय. जोडी आडवी जाते तेव्हा खूर दिसतात, चाक दिसतं, आणि अर्ध्या श्वासापुरता हाकणाऱ्याचा हात दिसतो. शंकरपटाबद्दल माझं जे काही मत आहे, ते त्या हाताकडे पाहून झालेलं आहे.

बाहेरच्या वाचकाला आधी एक सांगायला हवं. 'बैलगाडा शर्यत' म्हटलं की आता सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याकडचा घाट येतो: चढाची धावपट्टी, चार बैल, पुढे घोडी. नाहीतर सातारा-सांगलीकडचे एकदम सुटणारे छकडे येतात. वऱ्हाडातला पट त्याहून साधा आहे. कापूस, तूर निघून मोकळं झालेलं सपाट शेत, त्यात दाबून केलेली पट्टी, एक हलका छकडा, दोन बैल, एक माणूस. कुठे दोन पट्ट्यांवर दोन जोड्या सोबत सुटतात, कुठे एकेकच सुटते. पण शेजारच्या जोडीला मागे टाकलं म्हणजे जिंकलं असं नसतं. निकाल घड्याळ देतं, आणि सकाळी धावलेल्या जोडीला संध्याकाळच्या जोडीची वाट पाहत बसावं लागतं. माझ्या लहानपणी झेंडी पडायची आणि पंच हातातलं घड्याळ दाबायचे. मग त्या दाबण्यावरून दुपारभर भांडण चालायचं. आता सेकंदाचे शंभर तुकडे करणारी यंत्रं आली आहेत. भांडण तरी कुठे थांबलंय?

घड्याळामुळे या खेळाला एक विचित्र एकांत आला आहे. समोर कुणी शत्रू नाही, दोन मुक्या जिवांना एका लयीत आणायचं आहे, बस. जोडीतला एक बैल नेहमी थोडा उतावळा असतो आणि दुसरा थोडा मागे राहणारा. उतावळ्याला आवरलं तर वेळ जातो, मागच्याला टोचलं तर तो बिचकून बाजूला ओढतो आणि छकडा तिरका होतो. तिरका झालेला छकडा म्हणजे गेलेला पट. मग उरतो कासरा आणि आवाज. मी पाहिलेल्या सगळ्यात वेगवान जोड्या जवळजवळ शांतपणे गेल्या आहेत. हाकणारा छकड्यावर वाकलेला, कासरा सैल, तोंडातून एकच लांब हुंकार, आणि काठी कुठेच नाही. उलट ज्या धावेत काठी सारखी वर-खाली होताना दिसली, ती धाव लोकांना जोरदार वाटायची, टाळ्याही तिलाच जास्त पडायच्या. घड्याळाचं मत मात्र वेगळं निघायचं. प्रेक्षक काठीला वेग समजतो, हा आमच्या शौकाचा जुना दोष आहे.

या दोषात मीही सामील होतो, हे इथेच सांगून टाकतो. मामाकडे पटाची जोडी होती. मी सातवी-आठवीत असेन. मामाच्या तुतारीच्या टोकाला एक बारीक खिळा असायचा आणि त्यावर चिंधी गुंडाळलेली असायची. पट सुटण्याआधी ती चिंधी काढून खिशात ठेवायचं काम माझं. ते काम मिळालं म्हणून मी वर्गात आठवडाभर मिरवलो होतो. धाव झाल्यावर डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर ठिपके दिसले, लाल, ओळीने. मामा त्यावर हळद चोपडत मला म्हणाला, "तिकडं काय पाह्यतं? घड्याळ पाह्य." आम्ही घड्याळ पाहिलं. आमचा नंबर आला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लिकट्टूसोबत महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीही बंद केल्या, तेव्हा आमच्या भागात जे बोललं गेलं आणि लिहिलं गेलं, त्यातला बराचसा भाग मला तेव्हाही पटला नव्हता. एक युक्तिवाद होता परंपरेचा. दुसरा होता पोशिंद्याचा: शेतकरी बैलाला लेकरासारखा जपतो, तो त्याला कशाला मारेल? निकालपत्रात शेपटी पिरगळणं, चावणं, टोचणं यांची वर्णनं आहेत. ती वाचून आमच्याकडचे लोक संतापले, शहरातल्या लोकांना काय कळतं म्हणाले. मला त्या वाक्यांमध्ये माझ्या खिशातली चिंधी दिसत होती. लेकरासारखा जपणारा आणि खिळा लावणारा हा एकच माणूस असू शकतो, नव्हे असतोच, हे आमच्या बाजूने कुणीच कबूल केलं नाही. त्यामुळे आमची बाजू खरी असूनही खोटी वाटत राहिली.

तिसरा युक्तिवाद जातिवंत बैलांचा, आणि त्यात खरोखर दम आहे. पण तोही अर्धाच मांडला गेला. विदर्भातली गवळाऊ ही चपळ जात. भोसल्यांच्या फौजांच्या सामानाची वाहतूक जलद व्हावी म्हणून ती जोपासली गेली असं सांगतात. ट्रॅक्टर आल्यावर अशा चपळाईची शेतीत गरज उरली नाही, ती पटातच उरली. हे खरं. पण याचाच दुसरा अर्थ असा, की पटाच्या जोडीचा शेतीशी संबंध जवळपास तुटला आहे. ती नांगराला जुंपत नाहीत, डवऱ्याला जुंपत नाहीत. ती वेगळ्या गोठ्यात बांधतात, वेगळा खुराक देतात, आणि लाखांत विकतात. 'शेतकऱ्याचा खेळ' म्हणताना आपण नेमक्या कोणत्या शेतकऱ्याबद्दल बोलतोय? चार एकर कोरडवाहूवाला पटाला येतो तो पायी, पाहायला. 2015मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला, तेव्हा थकलेला बैल विकायची त्याची वाट बंद झाली. त्यावर मात्र पटाच्या व्यासपीठावरून मी कधी भाषण ऐकलं नाही.

बंदीच्या त्या साडेसात वर्षांचा हिशेब पूर्व विदर्भाकडे पाहिलं की वेगळाच लागतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे पट आणि नाटक ही जोडी आहे. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि जाहिरातीवर 'शंकरपटानिमित्त' असं ठळक छापलेलं. पट बंद झाले तरी वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातच राहिल्या. निमित्त गेलं आणि नाटक उरलं. आमच्या वऱ्हाडात नाटकाची अशी जोड नव्हती, त्यामुळे पट गेला तेव्हा त्या जागी काहीच उरलं नाही. जत्रेत पाळणे होते, भजी होती, पण लोक उगाच शेताच्या दिशेने बघत उभे असायचे. चोरून पट भरवल्याच्या, पोलीस आल्याच्या, जोड्या घेऊन पळाल्याच्या गोष्टी तेवढ्या कानावर यायच्या.

2017मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. उच्च न्यायालयात ती अडली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अटींची. काठी, चाबूक, टोचणी बंद. बैलाला यातना दिल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. निकाल आला त्या दिवशी गुलाल उधळणाऱ्यांना या अटी म्हणजे सरकारी कटकट वाटली. माझ्या बरोबरीचे शौकीन अजून म्हणतात, "काठी नाई तं मजा नाई." त्यांच्याशी माझं भांडण तिथेच आहे. ज्याला काठीशिवाय पटात मजा येत नाही, त्याने एवढी वर्षं पट पाहिलाच नाही, काठी पाहिली.

मध्यंतरी मोबाइलवर पोलंडमधल्या स्पीडवे शर्यती पाहण्याचा नाद लागला होता. मातीची अंडाकृती धावपट्टी, चार मोटारसायकली, चार फेऱ्या, साधारण मिनिटभराचा खेळ. त्या मोटारसायकलींना ब्रेक नसतात. वळणावर स्वार मागचं चाक मुद्दाम घसरू देतो आणि त्या घसरण्यावरच गाडी वळवतो. पाहताना मला सारखा आमचा छकडा आठवत होता. त्यालाही ब्रेक नाही, आणि तिथेही जो जास्त जोर लावतो तो आधी कुंपणावर जातो. एक फरक मोठा आहे. त्यांच्या इंजिनाला दुखत नाही. म्हणून त्यांच्या खेळात कसब हा फक्त कसबाचा प्रश्न राहतो, आणि आमच्या खेळात वाईट कसबाची किंमत दुसराच कुणी मोजतो.

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट आमच्या भागात नावाजलेला आहे, आणि तिथे बायकाही जोड्या हाकतात. त्याच्या बातम्या 'महिलांचाही सहभाग' अशा कौतुकाच्या सुरात येतात आणि तिथेच संपतात. कौतुक ठीक आहे. पण त्या धावांतलं तंत्र कुणी पाहत नाही. मनगटाची ताकद हाच पटाचा आधार असता तर या धावा निव्वळ शोभेच्या ठरल्या असत्या. तशा त्या ठरत नाहीत, कारण जोडी घरच्या आवाजाला चालते, आणि रोज चारा-पाणी करणारा आवाज बहुतेक घरांत बाईचाच असतो.

आता पटाचं चित्रीकरण ड्रोनने होतं. वरून पाहिलं की शेत सुंदर दिसतं, जोडी पांढऱ्या किड्यासारखी सरकते आणि पार्श्वभूमीला ढोल वाजतात. निवेदक मालकाचं नाव, गावाचं नाव, पुढाऱ्याचं नाव, बक्षिसातल्या मोटारसायकलीचं नाव घेतो. बैलांची नावं शेवटी, वेळ उरला तर. हाकणाऱ्याचं नाव बहुधा राहूनच जातं. एवढ्या सगळ्या चित्रफितींतून मला अजून एकही अशी सापडली नाही, जिच्यात कॅमेरा मध्यावर, कमरेच्या उंचीवर धरलाय आणि हात दिसतोय.

नियम पाळले जातात की नाही, हेही तिथूनच दिसतं. सुटण्याच्या जागी पंच असतात, शेवटी पंच असतात, अधिकारीही मंडपाजवळ असतात. मधल्या शंभर पावलांवर मात्र धूळ आणि आमच्यासारखे चार म्हातारे. बाहीतून बारीक काडी निघायची ती तिथेच निघते. गेल्या हंगामात ती मी दोनदा पाहिली आणि एकदा आयोजकांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला.

त्याच दिवशी दुपारी उशिरा एक जोडी गेली, एक पांढरा आणि एक कोसा. हाकणारा विशीतला पोरगा होता, दोन्ही हात कासऱ्यावर, आणि तो बैलांशी काहीतरी बोलत होता. काय ते ऐकू आलं नाही. त्याचा नंबर सातवा लागला. मामाची तुतारी अजून गोठ्याच्या आढ्याला खोचलेली आहे, खिळा गंजलाय. पुढच्या पटाला जाईन तेव्हा मध्यावरच उभा राहीन, आणि त्या पोराची जोडी कोणत्या गावची ते आधी विचारून घेईन.